तीन मिनिटांची कोळंबी

वोकमध्ये कोळंबी शिजायला तीन मिनिटं लागतात. थोडी मोठी असेल तर साडेतीन. गेल्या वर्षभरात निदान पंधरा रविवार मी मोबाइलवर टायमर लावून हे पाहिलंय, त्यामुळे आकडा छातीठोकपणे सांगू शकते.

माझं काम कंटेंट लिहिण्याचं. त्यात खाण्यापिण्याचं बरंच असतं. रेसिपीच्या वर दोन ओळी लिहायच्या आणि त्यांत ‘झटपट’, ‘फक्त’, ‘मिनिटांत’ यांतले निदान दोन शब्द यायलाच हवेत, असा क्लायंटचा आग्रह. ‘फक्त १५ मिनिटांत पनीर’, ‘झटपट बिर्याणी १० मिनिटांत’ (ही कशी होते देव जाणे). कोळंबीच्या बाबतीत मात्र तीन मिनिटं हे अगदी खरं आहे. तरीही आमच्या घरी सकाळी साडेनऊला बाजारातून आलेली कोळंबी पानात पडते तेव्हा साडेबारा वाजून गेलेले असतात. मधला वेळ कुठे जातो आणि कोणाचा जातो, हे मला या वोकमुळे नीट दिसलं.

आम्ही हैदराबादला राहतो. बाबांच्या नोकरीमुळे इथे येऊन बावीस वर्षं झाली. मूळ गाव मालवणजवळ; आजी अजून सहा महिने तिकडे आणि सहा महिने आमच्याकडे असते. रविवारी सकाळी बाबा आणि मी रामनगरच्या मासळी बाजारात जातो. तिथे कोळंबीला रोय्यलु म्हणतात. आमच्या मजल्यावरच्या बंगाली काकू चिंगडी म्हणतात, माझी मल्याळी मैत्रीण चेम्मीन म्हणते आणि आजी सुंगटां. बाजारातला माणूस आमच्याकडे बघून सरळ ‘झिंगा’वर येतो. भाव मात्र सगळ्या भाषांत एकच असतो, कमी होत नाही.

इथे मिळणारी बहुतेक कोळंबी तळ्यातली. आंध्रच्या किनारी जिल्ह्यांत, भीमावरमच्या आसपास तर नजर जाईल तिथे तळीच तळी. जात व्हेनामी. ही मूळची आपली नाही, लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि बघता बघता तिने आपल्या टायगर कोळंबीला मागे टाकलं. आजीला ती पसंत नाही. ‘हिका समुद्र म्हायतच नाय,’ असं ती म्हणते, आणि मालवणची कोळंबी खाल्लेल्या माणसाने असं म्हणणं मला रास्तच वाटतं. पण तळ्यातल्या कोळंबीचा एक फायदा आहे. सगळ्या एका मापाच्या मिळतात, त्यामुळे एकदम शिजतात. वोकला हे फार सोयीचं.

या मापाला बाजारात ‘काउंट’ म्हणतात. ५० काउंट म्हणजे किलोत पन्नास कोळंब्या. काउंट जितका कमी, तितकी कोळंबी मोठी आणि महाग. फ्रोझन पाकिटावर ३१/४० असं छापलेलं असतं, तो हिशोब मात्र किलोचा नसून पौंडाचा असतो, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये एकतीस ते चाळीस. हे माहीत नसेल तर पाकीट उघडल्यावर आपली फसवणूक झाली असं वाटण्याचा संभव आहे. पाकिटातली वापरणार असाल तर आदल्या रात्री फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. गरम पाण्यात टाकू नका, कडेने शिजायला लागते आणि मध्ये बर्फ राहतो.

आम्ही ५० काउंटची किलोभर घेतो. घरात आम्ही पाच जण: आजी, आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. पन्नास भागिले पाच, प्रत्येकी दहा. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता साफसफाई. डोकं मोडायचं, पायांच्या बाजूने साल सोडवायची, पाठीवर हलकी चीर द्यायची आणि काळा दोरा काढायचा. दोरा म्हणजे तिचं आतडं. तो नुसता ओढला तर अर्ध्यात तुटतो. सुरीच्या टोकाने उचलून शेपटीच्या दिशेने सावकाश न्यावा लागतो. एका कोळंबीला साधारण एक मिनिट. म्हणजे पन्नास कोळंब्यांना पन्नास मिनिटं, सिंकपाशी उभं राहून. डोक्यावरचा तो करवतीसारखा काटा नखाच्या कडेला एकदा तरी टोचतोच आणि मग हळद-मिठाच्या पाण्यात तो हात दिवसभर चुरचुरतो. बाजारात पैसे घेऊन साफ करून देतात, पण आईला ते चालत नाही. ते पाठ फार खोल कापतात आणि सगळ्यांची कोळंबी एकाच बादलीत धुतात, हे तिचे दोन आक्षेप. दोन्ही खरे आहेत. शिवाय ते डोकी टाकून देतात. आमच्याकडे डोकी टाकत नाहीत. ती तेलात परतून, पाणी घालून उकळली की त्याचं जे नारिंगी पाणी सुटतं त्यावर आजीचा रस्सा उभा राहतो. किलोभर कोळंबीतून मांस जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त निघतं, बाकीचं हे.

तर ही पन्नास मिनिटं आईची. माझ्या आठवणीत तरी नेहमीच आईची.

वोक मी गेल्या दिवाळीत घेतला. कार्बन स्टीलचा, बारा इंची, लाकडी मुठीचा. पेटीतून काढला तेव्हा आई म्हणाली, ‘अगं, ही तर आपली लोखंडी कढई.’ चुकीचं नव्हतं. वोक हा शब्द कॅन्टनीज भाषेतला, दक्षिण चीनमध्ये आणि हाँगकाँगमध्ये बोलतात ती. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ कढई किंवा मोठं भांडं, इतकाच. फरक आहे तो पत्र्याच्या जाडीत. आपली बिडाची कढई जाड. तापायला वेळ घेते आणि एकदा तापली की गॅस बंद केला तरी बराच वेळ तापलेली राहते. वोक पातळ. आच वाढवली की लगेच कळते, कमी केली की लगेच उतरते. कोळंबीसारख्या क्षणात बिघडणाऱ्या गोष्टीला हे बरं.

नवा वोक आधी तयार करावा लागतो. कारखान्यातून येताना गंजू नये म्हणून त्यावर तेलाचा थर असतो, तो घासून काढायचा. मग मोठ्या आचेवर कोरडा तापवायचा, रंग निळसर-काळा होईपर्यंत. मग कापडाने अगदी पातळ तेल लावायचं, धूर येऊ द्यायचा, पुन्हा तेल, पुन्हा धूर. तेलाचा थर तापून लोखंडावर घट्ट बसतो आणि भांडं चिकटेनासं होतं. मी हे व्हिडिओ बघून करायला घेतलं होतं. आईने मोबाइल बाजूला ठेवायला लावला, अर्धा कांदा काट्याला टोचला, तेलात बुडवून तापल्या वोकला आतून फिरवायला लागली. बिडाचा तवा असाच करतात. वोकही तसाच झाला.

आपल्या स्वयंपाकघराची एक जमेची बाजू सांगते. परदेशात सपाट शेगड्या असतात, त्यामुळे गोल बुडाच्या वोकसाठी तिथे वेगळी कडी आणावी लागते. आपल्या गॅसच्या जाळीवर गोल बुडाची कढई पिढ्यान्‌पिढ्या बसतेय. इंडक्शन असेल तर मात्र सपाट बुडाचाच घ्या. आणि नॉनस्टिक भांड्यात हा उद्योग करू नका. ते कोरडं एवढं तापवायचं नसतं, वरचा थर खराब होतो.

आता उणी बाजू. चिनी हॉटेलातल्या शेगडीची आच घरच्या बर्नरच्या कितीतरी पट असते. ती भट्टीसारखी घोंगावते. त्यामुळे पदार्थाला जो धुरकट, खरपूस वास येतो त्याला कॅन्टनीजमध्ये ‘वोक हेई’ म्हणतात, वोकचा श्वास म्हणा ना. घरच्या शेगडीवर तो पूर्ण मिळत नाही. पण बराचसा मिळवता येतो आणि त्याला दोनच अटी आहेत: कोळंबी कोरडी हवी आणि थोडी हवी.

कोरडी का, ते शाळेतल्या विज्ञानात आहे. पाणी वीस अंशांवरून शंभर अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सात पट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ओली कोळंबी टाकली की आपल्या बिचाऱ्या बर्नरची सगळी ताकद ते पाणी उडवण्यात जाते. वोकचं तापमान शंभरच्या आसपास अडकतं आणि खरपूसपणा तर त्याच्या बराच वर, १४० अंशांच्या पुढे सुरू होतो. म्हणजे परतायला गेलो आणि उकडून बसलो. म्हणून धुतल्यावर चाळणीत निथळायची, मग जुन्या स्वच्छ सुती कापडावर पसरायची, वरून दुसरं कापड दाबायचं. आमच्याकडे आजीचं मऊ झालेलं नऊवारी या कामी आलंय. तिने स्वतः फाडून दिलं.

कोरडी झाली की मी एक गोष्ट करते जी आईला आधी अजिबात पटली नव्हती. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवते. चमचा चहाचा, आणि सोडा पाव चमच्याच्या वर नको, साबणासारखी चव येते. सोड्यामुळे मांसाचा आंबटपणा कमी होतो, मग तापल्यावर ते आपलं पाणी पटकन सोडत नाही. कोळंबी फुगीर राहते आणि चावली की टचकन तुटते. आपण कोळंबीला आगळ किंवा लिंबू लावतो ते याच्या नेमकं उलट. ते कालवणाला छान लागतं, इथे नको.

बाकी तयारी: लसूण ठेचलेला, आल्याचे बारीक काप, सुक्या मिरच्या मोडून, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग वेगळा आणि हिरवा वेगळा, सोया सॉस वाटीत ओतून. सगळं शेगडीच्या उजव्या हाताला, ज्या क्रमाने लागणार त्या क्रमाने. एकदा तेल तापलं की लसूण सोलायला जाता येत नाही. चायनीजच्या गाडीवर तुम्ही हे पाहिलं असेल. रात्री आठला तो माणूस पाच मिनिटांत प्लेट हातात देतो, ज्वाळा काय, वोक उडवणं काय! पण दुपारी चार वाजता त्याच गाडीवरून गेलात तर तोच माणूस खाली मान घालून कोबी चिरत बसलेला दिसतो. त्याचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

आमच्या वोकमध्ये आणखी एक गोष्ट पडते, ती आजीची. तिच्या पिशवीत मालवणहून येताना तिरफळं असतात. एरवी ती बांगड्याच्या आमटीसाठी. चिनी स्वयंपाकात सिच्वान मिरी वापरतात, जिने जीभ बधिर होऊन झिणझिणते. ती आणि आपलं तिरफळ या दोन्ही एकाच झँथोझायलम वंशातल्या वनस्पती. चक्क बहिणी. मला हे कळल्यावर मी आजीला सांगायला धावले. ती म्हणाली, ‘मगे? तेंका काय वाटला, आमच्याकडे नाय?’ बिया काढून टाकायच्या, नुसती सालं खलबत्त्यात जाडसर कुटायची. दहा कोळंब्यांना दोन तिरफळं पुरतात.

आणि आता ती तीन मिनिटं.

वोक रिकामाच मोठ्या आचेवर ठेवायचा. पाण्याचा थेंब टाकला तर तो चुरचुरत न बसता गोळी होऊन पळाला पाहिजे. मग तेल, कडेने फिरवून. कॅन्टनीज स्वयंपाकी ‘गरम कढई, थंड तेल’ असं सांगतात. तेल आधी घालून त्याच्यासकट तापवत बसायचं नाही. तेल मी शेंगदाण्याचं घेते. तिकडे ग्वांगडाँगमध्येही पूर्वापार शेंगदाण्याचंच तेल, त्यामुळे इथे आपल्याला काही बदलावं लागत नाही. एक्झॉस्ट फॅन चालू, खिडकी उघडी.

दहा कोळंब्या, एक थर, एकावर एक नाही. पहिली चाळीस सेकंद हात लावायचा नाही. हे फार कठीण जातं, आपल्याला हलवत राहायची सवय. कडेने रंग चढायला लागतो. कोळंबीच्या अंगात लाल-नारिंगी रंगद्रव्य आधीपासूनच असतं, पण ते एका प्रथिनाला चिकटून दडलेलं असतं, म्हणून कच्ची कोळंबी करडी दिसते. उष्णतेने प्रथिनाची पकड सुटते आणि रंग बाहेर येतो. उलटायच्या. आणखी अर्धं मिनिट. मग त्या कडेवर सारून मध्ये लसूण, आलं, मिरची, तिरफळ, पातीचा पांढरा भाग. वास उठला की सगळं एकत्र, झाऱ्याने खालून वर. सोया सॉस तापलेल्या कडेवरून, अर्धा चमचाच. हिरवी पात. बंद.

झाली की नाही हे आकारावरून कळतं. कोळंबी वाकून इंग्रजी ‘सी’सारखी झाली की काढायची. डोकं-शेपूट जुळून तिचा गोल ‘ओ’ झाला म्हणजे रबर. मांस आतून काचेसारखं दिसायचं थांबून मोत्यासारखं पांढरं झालं पाहिजे. ज्यांच्याकडे थर्मामीटर आहे त्यांच्यासाठी, अमेरिकेतल्या अन्नसुरक्षेच्या शिफारशीत हा आकडा ६३ अंश सेल्सिअस आहे. आमच्याकडे थर्मामीटर नाही, आई आहे. तिने पहिल्या वेळी एक कोळंबी उचलली, नखाने पाठीतून उघडली, खिडकीच्या उजेडात धरली आणि मग तोंडात टाकली. काही बोलली नाही. दुसरी उचलली, तेव्हा मला कळलं.

एक मात्र सांगायला हवं. आईची कोळंबी यापेक्षा जास्त शिजते म्हणून ती चुकीची, असं मला म्हणायचं नाही. तिच्या कालवणात कोळंबीचं काम वेगळं आहे, तिने आपला सगळा रस वाटणाला द्यायचा असतो. आणि कालवणाचा एक मोठा गुण म्हणजे ते थांबतं. दुपारी एकला बाबा जेवले, दोनला भाऊ उठून जेवला, अडीचला आई जेवली, तरी कालवण तेच. किंबहुना संध्याकाळी जास्त मुरलेलं. आमच्या घरात आई शेवटी जेवते ही गोष्ट कधी कोणाला खटकली नाही, त्यात कालवणाचा हात आहे असं मला आता वाटतं. ते झाकून ठेवता येत होतं.

वोकमधली कोळंबी झाकून ठेवता येत नाही. गॅस बंद केला तरी ती आपल्याच उष्णतेने आतून शिजत राहते. पाच मिनिटं ठेवली की ‘सी’चा ‘ओ’. दहा मिनिटांनी थंड आणि चिवट. आणि घरच्या बर्नरवर एका वेळी दहाच, पाच माणसांच्या पाच खेपा. एक खेप म्हणजे बरोब्बर एका माणसाचं पान. कुठल्या क्रमाने वाढायचं हा प्रश्न आमच्या घरात यापूर्वी कोणी तोंडाने विचारला नव्हता. वोकमुळे तो विचारावाच लागला.

पहिल्या रविवारी उत्तर जुनंच होतं. बाबा, भाऊ, आजी, मी. झारा माझ्या हातात होता तरी चौथी खेप झाल्यावर आईने तो काढून घेतला, ‘तू बस, गरम आहे तोवर खा.’ पाचवी खेप तिने स्वतःसाठी केली. मी बघत होते. बाबांनी आणखी मागितली, भावानेही मागितली. वोकमधून दोन इकडे, तीन तिकडे गेल्या. आईच्या पानात पाच आल्या. ती ताट घेऊन बसली आणि आजीला भात हवा होता म्हणून उठली. पुन्हा बसली तेव्हा मी तिच्या पानातली एक उचलून बघितली. चिवट झाली होती.

‘चांगली आहे की,’ आई म्हणाली. ‘मला अशीच आवडते.’

पन्नास कोळंब्या तिने सोलल्या होत्या. पन्नास मिनिटं. आणि तीन मिनिटांत होणारा पदार्थ तिने थंड खाल्ला, तोही निम्मा. मी रोज मिनिटांचेच हिशोब लिहिते, त्यामुळे असेल, पण हा हिशोब मला पचला नाही.

पुढच्या रविवारी मी वोक तापवला आणि म्हटलं, ‘आई, तू बस आधी.’ ती हसली. ‘ह्यांना दे. भूक लागली असेल.’ बाबा पेपर वाचत होते. मी तशीच उभी राहिले, वोकमधून धूर यायला लागला. तेल घातल्यावर थांबता येत नाही हे मी सांगितलंच आहे, आणि मी तेल घातलं. ‘आई, बस. नाहीतर जळेल.’ अन्न जळेल म्हटलं की आई कुठलीही गोष्ट करते. ती बसली. खुर्चीच्या पुढच्या कडेवर, अर्धी उठल्यासारखी, एक हात टेबलावर. मी दहा मोजून तिच्या पानात घातल्या. तिने टेबलाकडे बघितलं. बाकी चौघांची पानं रिकामी होती.

बाबा म्हणाले, ‘खा ना. गार होईल.’

ती खायला लागली. पहिल्या दोन भराभर, कोणीतरी मागे उभं असल्यासारख्या. तिसऱ्या कोळंबीला जरा हळू झाली. तोपर्यंत आजीची खेप वोकमध्ये पडली होती. सहाव्या-सातव्याला आईने मिरचीचा तुकडा बाजूला काढला, पातीचा कांदा वेगळा करून आधी खाल्ला आणि एक कोळंबी अर्धी तोडून आत बघितलं. खाताना ती अशी खेळते हे मला माहीत नव्हतं. मी सव्वीस वर्षांची आहे आणि आईला गरम गरम जेवताना मी लग्नाच्या पंगतीतच पाहिलंय.

आजीने आपल्या पानातल्या एकेका कोळंबीचे तीन तीन तुकडे करून घेतले, कवळीला टचकन तुटणारी कोळंबी जरा जड जाते. सगळ्या खाल्ल्यावर विचारलं, ‘बरा झाला. आणि रस्सो खंय?’ डोक्यांचा रस्सा तिच्यासाठी वेगळा केलेला होताच. तो थांबणारा असल्यामुळे शांतपणे मागच्या शेगडीवर होता.

सगळ्यात शेवटी मी जेवले. शेवटची खेप स्वतःसाठी करायची आणि वोकपाशी उभ्यानेच खायची यात तसं काही वाईट नाही, एखादवेळी. दर रविवारी मात्र नको. म्हणून तिसऱ्या रविवारी भावाच्या हातात झारा दिला. त्याने पहिली खेप रबर केली, ती त्यालाच खायला लावली. दुसरी बरी जमली. आता तो वोक उडवायलाही शिकलाय, त्यात एकदा एक कोळंबी एक्झॉस्ट फॅनपर्यंत गेली. आई त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि मग शिडी आणून तो फॅन पुसायला तिने त्यालाच लावलं.

राहता राहिली ती पन्नास मिनिटं. मी आईच्या बरोबरीने उभी राहायला लागले तशी पंचवीस झाली. माझा हात अजून तिच्याएवढा चालत नाही. पण सिंकपाशी दोघी असलो की ती बोलते. मालवणला लग्न होऊन आली तेव्हा तिला कोळंबी साफ करता येत नव्हती, माहेर देशावरचं आणि शाकाहारी. आजीने पहिल्या दिवशी टोपलीभर करंदी पुढ्यात ठेवली होती, करंदी म्हणजे ती बोटाच्या पेराएवढी बारीक कोळंबी. दुपारपर्यंत सोलत बसले, म्हणाली. आजी आतल्या खोलीतून ओरडली, ‘माझ्या सासूनं दोन टोपले ठेवलेले!’

गेल्या रविवारी मला ऑफिसचं काम निघालं. सकाळी दहाला लॅपटॉप उघडून बसले होते. कोळंबी सिंकमध्ये होती, आई एकटी होती. बाबा पेपर संपवून पाणी प्यायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. जाऊन बघितलं तर हातात सुरी. आई बाजूला स्टुलावर बसली होती, पेपर आता तिच्याकडे होता.

बाबांनी एक कोळंबी डोळ्यांजवळ धरली. चीर दिली, दोरा शोधला, तो तुटला, पुन्हा शोधला. एकीला तीन मिनिटं. चौथी झाल्यावर त्यांनी मान वर केली.

‘काय गं, हा दोरा सगळ्यांत असतो?’

‘सगळ्यांत,’ आई म्हणाली.

बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. दोन वर्षांचे असल्यापासून कोळंबी खातायत. त्यांनी सिंकमध्ये उरलेल्या ढिगाकडे बघितलं, मग हातातल्या कोळंबीकडे, आणि पाचवी उचलली. आईने पान उलटलं.

‘शेपटीकडचा राहिला तुमचा,’ पेपरातून डोकं वर न काढता ती म्हणाली.